वेष पालटणाऱ्या हेरांचे दिवस संपले का?

रानवाट: बहिर्जी नाईकांचं नाव कोणीतरी काढणारच, म्हणून आधी मीच काढतो. तसं सोंग घेऊन शत्रूच्या गोटात शिरणं आज जमेल? मला नाही वाटत. १९ जानेवारी २०१० ला दुबईच्या एका हॉटेलात हमास या पॅलेस्टिनी संघटनेचा महमूद अल-मबहूह मारला गेला. सीसीटीव्हीत टेनिसच्या कपड्यांतले दोघे त्याच्यासोबत लिफ्टमध्ये शिरताना दिसतात. हातात रॅकेट, लक्ष मात्र हा कुठल्या खोलीत जातो याच्यावर. विमानतळापासून हॉटेलपर्यंतचं फुटेज जुळवून पोलिसांनी टोळीचे पासपोर्टवरचे फोटो जगाला दाखवले. पासपोर्ट ब्रिटिश, आयरिश वगैरे, सगळा बनाव. ते चेहरे कायमचे बाद.

खडूस_काका: बाद झाले, पण काम उरकून! फुटेज जुळेपर्यंत पाखरं उडाली होती. टेनिसवाले काही दुबईच्या हाती लागले नाहीत. कॅमेऱ्यानं पंचनामा केला, पहारा नाही.

रानवाट: काका, तेव्हा निसटले. आता इमिग्रेशनलाच बोटांचे ठसे घेतात. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी खात्यातून २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. त्यात ५६ लाख जणांचे ठसे. त्यातला कोणी वेष पालटून गेलाच, तर ठशावरून पकडला जाणार. मिशी लावता येते हो, नवा अंगठा कुठून आणणार?

तिखटमीठ: अंगठ्याचं राहू द्या. ज्यांच्याकडे सगळंच होतं, त्या इस्रायलचं काय झालं? गाझाच्या कुंपणावर कॅमेरे, सेन्सर, दुरून चालणाऱ्या मशीनगन. कुंपणालगतच्या नहाल ओझ इथल्या लष्करी तळावर पडद्यांसमोर बसणाऱ्या तरुण मुली पलीकडे हमासचा हल्ल्याचा सराव चाललाय म्हणून आधीपासून सांगत होत्या. कोणी मनावर घेतलं नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं ड्रोनमधून स्फोटकं टाकून आधी कॅमेरेच आंधळे केले. त्यातल्या कितीतरी मुली तिथेच मारल्या गेल्या.

मी नोकरीत डॅशबोर्डच बनवतो (हेरगिरीचे नाही, गोदामातल्या मालाचे). लाल ठिपके वाढले की साहेब माल बघायला जात नाहीत. मर्यादा थोडी वर सरकवता येईल का, असं विचारतात.

रानवाट: मग खोट साहेबांत आहे. मुलींना सराव दिसला तो कॅमेऱ्यातूनच ना?

खडूस_काका: सराव दिसला, तारीख नाही दिसली. तारीख सांगायला आतलाच माणूस फुटावा लागतो.

रानवाट: कबूल. पण त्याला भेटायचं कुठे? चौकाचौकात कॅमेरा.

खडूस_काका: टपरीवर. फोन घरी ठेवून.

रानवाट: रोज खिशात असणारा फोन नेमका त्याच दिवशी घरी राहिला, हीसुद्धा नोंदच झाली की, काका.