शेडखालचा पूल: पाणी २८ अंश, तरी मुलं कुडकुडतात

पूल_कमिटी_इंदूर
राजेंद्रनगर भागात आमच्या सोसायटीचा पूल आहे. १५ × ७ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर. वर पत्र्याची शेड, दोन बाजू उघड्या. ३५ किलोवॅटच्या हीट पंपावर (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) पाणी २८ अंशांना ठेवतो. सकाळी साडेसहाला छोट्यांची बॅच, मग ज्येष्ठांची. जानेवारीत त्या वेळी हवा १०-१२ असते. मुलं बाहेर येताच कुडकुडतात, पत्रा गळतो, विजेचं बिलही जड जातं. पाणी ३१ करावं, असं काहींचं म्हणणं आहे. करावं का?

फिल्टररूम
आधी हवेकडे बघा. मूल बाहेर आलं की अंगावरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि ती उष्णता कातडीतूनच जाते. १२ अंशांची हवा आणि वर वारा असेल, तर पाणी २८ काय नि ३१ काय!

बंदिस्त पुलात हवा पाण्यापेक्षा १-२ अंश गरम आणि आर्द्रता ५० ते ६० टक्के ठेवतात. उघड्या शेडमध्ये ते जमणार नाही, तेव्हा तिथे हवेचा हीटर लावूच नका. वाऱ्याच्या बाजूला कोल्ड स्टोरेजच्या दाराला असतात तसे पीव्हीसी पट्ट्यांचे पडदे लावा आणि कपडे बदलायची खोली २४-२६ ठेवा.

आता हिशोब. पाणी १ लाख २६ हजार लिटर. एक अंश चढवायला सुमारे १४६ युनिट उष्णता, म्हणजे तुमच्या पंपाला चार तासांहून जास्त. तीन अंशांना साडेबारा तास, तेही काहीच उष्णता वाया गेली नाही तर. एक लिटर पाणी उडालं की ०.६८ युनिट जातं, आणि अशा गार हवेत बंदिस्त पुलाच्या जवळजवळ दुप्पट पाणी उडतं. म्हणून ४००-५०० मायक्रॉनचं बबल कव्हर रोलरसकट घ्या. बुडबुडे पाण्याकडे. शेवटची बॅच संपली की लगेच पसरा. हीट पंप दिवसा ११ ते ५ चालवा. पहाटेच्या गार हवेत तो कमी उष्णता देतो, कॉइलवर बर्फ धरला तर मध्येच थांबतो.

मालवा_प्लंबिंग
कव्हरचं पटलं, पण छोट्यांना २८ कमीच. स्पर्धेचं पाणी २५ ते २८ असतं, कारण तिथे अंग सतत हलतं. तीन-चार वर्षांची मुलं बराच वेळ नुसती उभी असतात, त्यांना ३१-३२ लागतं. एकच पूल असेल तर २९ ठेवा, छोट्यांची बॅच दुपारी चारला न्या आणि अर्ध्या तासात बाहेर काढा. ज्येष्ठांनाही २९ सोसतं.

पडदे लावल्यावर पत्रा आणखी गळेल, हे आत्ताच धरून चाला. आतली हवा २० अंश, आर्द्रता ६० टक्के असली तरी १२ अंशांच्या पत्र्यावर दव धरतं, आणि निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षाही गार होतो. माथ्यावर एक्झॉस्ट हवा. पंख्याचा झोत पाण्यावर नको. पत्र्याऐवजी पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) घेतलं तर आतल्या बाजूचे सांधे नीट सील करा, नाहीतर वाफ पॅनलमध्ये शिरते.

छताला स्टीलचे हुक किंवा टांगणी असतील तर दर वर्षी तपासून घ्या. क्लोरीनच्या वाफेने स्टेनलेसलाही आतून तडे जातात. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडच्या उस्टरमध्ये अशाच टांगण्या तुटून पुलाचं काँक्रीटचं छत कोसळलं आणि १२ जण गेले. हा खर्च टाळू नका.

पूल_कमिटी_इंदूर
कव्हर आणि पडदे ठरवतो. मे महिन्यात उलटं होतं, पाणी ३३ ला जातं. बर्फाच्या लाद्या टाकल्या तर?

फिल्टररूम
दोन अंश उतरवायला सव्वादोन टनांहून जास्त बर्फ लागेल, तोही एका दिवसापुरता. त्यापेक्षा शब-ए-मालवाचा, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रीचा फायदा घ्या. उन्हाळ्यात इथली हवा कोरडी, रात्र गार. कव्हर काढा, पडदे गुंडाळा आणि रात्री दहा ते सहा रिटर्नचं, म्हणजे फिल्टरमधून पुलात परत येणारं पाणी कारंज्यातून सोडा. उडालेलं पाणी रोज भरावं लागेल. बोरिंगचं असेल तर क्षार साचत जातात, म्हणून दर पंधरवड्याला कठीणपणा मोजा. ३१ च्या वर जोरात लॅप मारू देऊ नका, पाण्यात घाम आलेला कळत नाही. गरम पाण्यात क्लोरीनही लवकर संपतं, तेव्हा दुपारीही तपासा: १ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.६.

तापमान पंपाच्या डिस्प्लेवर बघू नका, पंप बंद असताना तो आकडा पाइपातल्या पाण्याचा असतो. रिटर्नपासून लांब, हातभर खोल थर्मामीटर धरा.