इटली ट्रेनने फिरायचंय, हॉटेल स्टेशनजवळच घ्यावं का? (आईबाबा सोबत आहेत)

सायली_प्र:
नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोघं आणि माझे आईबाबा असे चौघं इटलीला निघालोय, टूरबरोबर नाही, आपलं आपण. आधी रोम, मग फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि शेवटची एक रात्र मिलान, कारण परतीचं विमान माल्पेन्साहून आहे. शहरातून शहरात सगळा प्रवास ट्रेननेच. आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या चढते पण सावकाश, आणि बाबांना चालायला कितीही सांगा पण बॅग ओढायला नको असते. आता घोळ हॉटेलांचा आहे. नवऱ्याचं म्हणणं चारही ठिकाणी स्टेशनला खेटून हॉटेल घेऊ, उतरलो की पाच मिनिटांत रूमवर. मैत्रीण सांगते की स्टेशनजवळचा भाग कुठेही गेलात तरी कळकटच असतो, रात्री नको वाटतं, त्यापेक्षा गावाच्या मधोमध राहा. त्यात व्हेनिसला मेस्त्रे म्हणून वेगळंच स्टेशन दिसतंय आणि तिथली हॉटेलं बरीच स्वस्त आहेत. नकाशा बघून बघून डोकं भणभणलंय, जे ट्रेनने फिरून आलेत त्यांनी प्लीज नीट सांगा.

रेल्वेवेडा:
सायलीताई, चारही शहरांना एकच नियम लावू नका, तिथेच गडबड होते. मी असा हिशोब करतो की हॉटेल ते स्टेशन हे अंतर सामानासकट दोनदाच कापायचं असतं, येताना आणि जाताना. पण हॉटेल ते बघायच्या जागा हे अंतर रोजचं, आणि सोबत मोठी माणसं असली की दुपारी रूमवर येऊन पाठ टेकून संध्याकाळी परत बाहेर पडायचं म्हणजे दिवसाला दोन फेऱ्या. त्यामुळे जिथे जास्त रात्री आहेत तिथे बघायच्या जागांकडे झुका, जिथे एक रात्र आहे तिथे डोळे मिटून स्टेशन.

फ्लॉरेन्सला तर हा वादच नाही. सांता मारिया नोव्हेला स्टेशन गावाच्या कडेलाच आहे, तिथून कॅथेड्रल दहा-एक मिनिटं चालत, सगळा सपाट रस्ता, आणि मधल्या भागात गाड्यांची वर्दळही कमी. स्टेशन आणि कॅथेड्रलच्या मधल्या पट्ट्यात कुठेही घ्या, नवराही खूश आणि मैत्रीणही. फक्त ट्रेनचं तिकीट काढताना बघा, काही फास्ट गाड्या सांता मारिया नोव्हेलाला येतच नाहीत, काम्पो दि मार्ते नावाच्या दुसऱ्या स्टेशनवर थांबून पुढे जातात. तिकिटावर फिरेन्झे एस.एम.एन. (म्हणजे फ्लॉरेन्स सांता मारिया नोव्हेला) लिहिलेलं असलं पाहिजे.

मिलानला चेन्त्राले स्टेशनजवळ घ्या आणि मोकळे व्हा. माल्पेन्सा एक्सप्रेस तिथूनच सुटते, साधारण पाऊण-एक तास लागतो, आणि कॅथेड्रल बघायचं तर मेट्रोच्या तीन नंबर लाइनने चौथं स्टेशन, बदलायची भानगड नाही. पण एक बघा, चेन्त्रालेचे रूळ रस्त्याच्या बरेच वरून जातात आणि हॉटेलं दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे नकाशात जवळ दिसणारं हॉटेल नेमकं पलीकडच्या बाजूला असेल तर रुळांखालच्या बोगद्यातून जावं लागतं. नकाशावर अंतर मोजताना स्टेशनच्या नावावर टिचकी मारू नका, बाहेर पडायच्या दारापासून चालायचा रस्ता लावून बघा.

रोमचं सविस्तर लिहितो रात्री.

मुक्ता:
व्हेनिसबद्दल मी लिहिते कारण तिथे लोक पैसे वाचवायला जातात आणि व्हेनिस बघायचंच राहून जातं.

मेस्त्रे म्हणजे खाडीच्या अलीकडचं, जमिनीवरचं शहर. तिथून सांता लुचियाला, म्हणजे खऱ्या व्हेनिसला, ट्रेनने दहा-बारा मिनिटं लागतात, गाड्या सारख्या असतात, खोल्या मोठ्या मिळतात, लिफ्ट असते. कागदावर सगळं छान. पण दिवसभर व्हेनिसमध्ये जी गर्दी असते ती बहुतेक दिवसापुरती आलेल्यांची असते, संध्याकाळी ती ओसरली की गल्ल्या मोकळ्या होतात, आणि सकाळी सात-साडेसातला सान मार्कोच्या चौकात झाडणारे लोक आणि कबुतरं एवढंच असतं. मेस्त्रेत राहणारा माणूस नेमका तेव्हा ट्रेनमध्ये असतो. आईला दुपारी आराम पाहिजे म्हणताय ना, मग तर मेस्त्रे नकोच, दुपारी ट्रेनने परत जाऊन पुन्हा कोण येणार.

तर व्हेनिसला बेटावरच राहा, पण हॉटेलची जागा बघून. तिथे प्रश्न लांबचा-जवळचा नाही, मध्ये पूल किती येतात त्याचा आहे. पूल म्हणजे पायऱ्या, वर चढायच्या आणि पलीकडे उतरायच्या, आणि भरलेली बॅग प्रत्येक पायरीवर धप्प करून आपटते नाहीतर उचलून न्यावी लागते. सांता लुचियातून बाहेर आलात की समोर ग्रँड कॅनॉल, डाव्या हाताला लगेच स्काल्झीचा पूल, तो उंच आहे, तो ओलांडायचा नाही असंच हॉटेल शोधा. पुलावर न चढता डावीकडे सरळ चालत गेलात की लिस्ता दि स्पान्या नावाचा रस्ता, तो सान जेरेमियाच्या चौकापर्यंत एकही पूल न लागता जातो, हॉटेलं भरपूर आहेत. त्याच्या पुढे गुल्ये नावाचा पूल येतो, तिथून पुढे पायऱ्या सुरू. या पट्ट्यात दुकानांची गर्दी आहे, फार सुंदर भाग नाही, पण तुम्ही सामान टाकून हातपाय धुऊन वीस मिनिटांत फिरायला बाहेर.

दुसरा पर्याय म्हणजे वापोरेत्तोच्या, म्हणजे तिथल्या बोटीच्या, थांब्याला लागून असलेलं हॉटेल. एक नंबरची बोट स्टेशनसमोरून निघते आणि ग्रँड कॅनॉलवरच्या जवळजवळ सगळ्या थांब्यांवर थांबत जाते. सुटं तिकीट महाग पडतं, ७५ मिनिटांचं साडेनऊ युरो माणशी, तेव्हा दिवसाचे पास बघा. हॉटेलवाल्यांना मेल करून सरळ विचारा की तुमच्या थांब्यापासून दारापर्यंत पूल किती. सांगतात ते, रोजचा प्रश्न आहे त्यांचा.

आणि हो, २०२४ पासून ठरावीक तारखांना व्हेनिसमध्ये दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश फी आहे. रात्री मुक्काम करणाऱ्यांना ती नाही (मेस्त्रेही व्हेनिस नगरपालिकेतच येतं म्हणून तिथल्यांनाही नाही), पण सूट मिळाल्याची नोंद ऑनलाइन करावी लागते. तुमच्या तारखा यादीत आहेत का बघून घ्या.

भटके_अण्णा:
मुक्ताताईंचं पटलं तरी मेस्त्रेची एक बाजू मांडतो. ज्यांना व्हेनिसबरोबर पादुआ, वेरोना असं पण बघायचंय त्यांना मेस्त्रे सोयीचं, कारण तिकडच्या गाड्या सगळ्या मेस्त्रेवरूनच जातात आणि सामान हलवावं लागत नाही. सायलीला तसं काही नाहीये त्यामुळे बेटावरच राहा.

बाकी एक गोष्ट कोणी लिहिली नाही ती लिफ्टची. जुन्या इमारतीतलं हॉटेल म्हणजे बऱ्याचदा अख्खी इमारत नसते, एकच मजला असतो. रस्त्यावर भलामोठा लाकडी दरवाजा, बाजूला पितळी पट्टीवर दहा-बारा बेल, त्यात एका बेलसमोर हॉटेलचं नाव. ती दाबली की दार उघडतं, मग वर रिसेप्शन तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे असं लिहिलेलं असलं तरी ती कधी कधी एवढीशी असते की दोन माणसं आणि एक बॅग, बस, आणि काही ठिकाणी लिफ्टच्याच आधी सात-आठ पायऱ्या असतात. तेव्हा रिव्ह्यूमध्ये लिफ्ट, जिना, पायऱ्या हे शब्द टाकून शोधा. फोटोपेक्षा तिथे खरं कळतं. रात्रीच्या आवाजाबद्दलपण तिथेच लिहिलेलं असतं, स्टेशनजवळ घेत असाल तर आतल्या अंगणाकडची खोली मागा, रस्त्याकडची नको.

आणि रात्रीचा सिटी टॅक्स बुकिंगच्या किमतीत बहुधा धरलेला नसतो, माणशी दर रात्री हॉटेलवर भरायचा, रोममध्ये तर जितके स्टार जास्त तितका तो जास्त. चौघांचं मिळून बरं वाटेल असं बजेट काढलं असेल तर त्यात तेवढं वाढवा.

रेल्वेवेडा:
हां, रोम. सॉरी उशीर झाला.

टेर्मिनी म्हणजे रोमचं मुख्य स्टेशन, त्याच्याबद्दल तुमची मैत्रीण म्हणते ते अर्धं बरोबर आहे. स्टेशनच्या अगदी भोवती रात्री उशिरा रेंगाळावंसं वाटत नाही, आणि स्टेशनात-मेट्रोत खिसेकापूंपासून सांभाळायचं. तिकिटाच्या मशीनपाशी कोणी आपणहून मदत करायला आलं तर हसून नको म्हणायचं आणि पाकीट काढायचं नाही. पण सोयीला टेर्मिनीसारखं दुसरं काही नाही. मेट्रोच्या ए आणि बी दोन्ही लाइन तिथे मिळतात, बी ने कोलोसियम दुसरं स्टेशन, ए ने व्हॅटिकनसाठी ओत्ताव्हियानो सहावं. विमानतळावरून येणारी लिओनार्दो एक्सप्रेस कुठेही न थांबता ३२ मिनिटांत टेर्मिनीत.

फक्त टेर्मिनी केवढं आहे ते नकाशात कळत नाही. समोर मोठा चौक, मागे लांबच लांब फलाट, एका बाजूला व्हिया मार्साला आणि दुसऱ्या बाजूला व्हिया जोलित्ती असे दोन रस्ते रुळांना समांतर जातात. जोलित्तीच्या पार शेवटाला असलेलं हॉटेलसुद्धा जाहिरातीत स्टेशनला लागून म्हणतं, आणि रुळांना लागून असतंही, पण तिथून गाडीपर्यंत पोचायला दहा-पंधरा मिनिटं चालायचं आणि तोच भाग रात्री जास्त ओसाड. त्यापेक्षा स्टेशनच्या तोंडाच्या बाजूला, सांता मारिया माज्जोरे चर्चकडे किंवा रिपुब्लिका चौकाकडे बघा. पाच-दहा मिनिटं लांब गेलं की वस्ती एकदम बदलते.

रोमला तुम्ही जास्त दिवस आहात म्हणून मोंतीचाही विचार करा, कावूर मेट्रोच्या आसपासचा भाग. टेर्मिनीपासून मेट्रोचं एक स्टेशन आणि कोलोसियमला चालत. वातावरण फार छान. पण चढ-उतार आहे आणि रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे, बॅगेची चाकं त्यात अडकत अडकत जातात. येताना-जाताना सरळ टॅक्सी करायची, दोन वेळचाच प्रश्न आहे, त्यासाठी बाकीचे सगळे दिवस लांब राहू नका.

रोमहून फ्लॉरेन्सचं तिकीट काढताना टेर्मिनी आणि तिबुर्तिना ही दोन वेगळी स्टेशनं आहेत हे लक्षात असू द्या, दोन्हीकडे फास्ट गाड्या थांबतात.

सायली_प्र:
बाप रे, किती नीट लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. सगळं आईबाबांना वाचून दाखवलं, बाबा पुलांचं ऐकून लगेच म्हणाले मी एकच छोटी बॅग घेणार. आता असं ठरतंय की रोमला सांता मारिया माज्जोरेच्या बाजूला (मोंती मोहात पाडतंय पण आईला चढ नको), फ्लॉरेन्सला स्टेशन आणि कॅथेड्रलच्या मध्ये, व्हेनिसला लिस्ता दि स्पान्या, मिलानला चेन्त्राले. फ्लॉरेन्सला एक हॉटेल फार आवडलंय पण तिसरा मजला आणि लिफ्टबद्दल काहीच लिहिलेलं नाही. आणि अजून एक, रोमहून एक दिवस पॉम्पेई करायचं म्हणतोय आणि फ्लॉरेन्सहून सिएना, दोन्ही ट्रेनने जमेल ना?

भटके_अण्णा:
लिफ्टबद्दल लिहिलं नाही म्हणजे नाही असं धरून चाला आणि मेल करून लेखी उत्तर घ्या. इटलीतला तिसरा मजला आपल्यासारखाच, तळमजला सोडून वर तिसरा. आईंना रोज दोनदा ते चढणं नको, दुसरं बघा.

मुक्ता:
सिएनाला ट्रेन जाते पण स्टेशन टेकडीच्या खाली आहे आणि गाव वर, सरकते जिने आहेत ओळीने पण चढ उरतोच. फ्लॉरेन्सहून बस घ्या, बसस्टँड सांता मारिया नोव्हेला स्टेशनला लागूनच आहे आणि बस गावाच्या बरीच जवळ सोडते. हाही तुमच्या हॉटेलच्या जागेचा फायदाच झाला.

रेल्वेवेडा:
पॉम्पेई आरामात जमतं. टेर्मिनीहून फास्ट गाडीने नापोली चेन्त्राले सव्वा तासाच्या आसपास, तिथेच खाली उतरून सर्कुमव्हेसुव्हियाना नावाची लोकल, पॉम्पेई स्काव्ही स्टेशनला उतरलात की अवशेषांचं गेट समोरच. तिकीट नापोली चेन्त्रालेचंच काढा, नापोली आफ्रागोला काढू नका, ते शहराबाहेरचं स्टेशन आहे. लोकलमध्ये गर्दी असते, आईंना बसायला जागा हवी तर सकाळी लवकरची गाडी धरा. आणि निघायच्या आदल्या दिवशी संपाची बातमी बघा, तिकडे रेल्वेचे संप आधी जाहीर करून होतात, कामाच्या दिवशी ठरावीक वेळांतच लोकल गाड्या नक्की चालतात आणि मधल्या वेळेत अडकायला होतं.