सेप्सिसच्या पेशंटला स्लेड: ब्लड व्हॉल्यूमची रेषा सपाट, तरी बीपी का पडतं?

रात्रपाळी_आयसीयू
सेप्टिक शॉक (संसर्गामुळे बीपी ढासळलेलं), वजन ६० किलो, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन (बीपी चढवणारं औषध) चालू. स्लेड (सावकाश, लांबवलेलं डायलिसिस) ८ तास, ब्लड फ्लो मिनिटाला १५० मिली, यूएफ (मशीनने काढायचं पाणी) एकूण २.४ लिटर. दोन तासांनी हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) मोजून ब्लड व्हॉल्यूममधला बदल दाखवणाऱ्या सेन्सरची रेषा −२ टक्क्यांवर, जवळजवळ सपाट. मीन (सरासरी) बीपी मात्र ७० वरून ५४. सेन्सर बिघडलाय का? रेषा सपाट असली की यूएफ खुशाल चालू ठेवा, असंच सांगतात.

क्लिपवाला
आधी सेन्सर. क्लिप डायलायझरच्या अलीकडच्या चेंबरवर नीट बसलीय ना, खिडकीवर वाळलेलं सलाइन किंवा बुडबुडा नाही ना, बघा. बेसलाइन (सुरुवातीचं रीडिंग) कधी घेतली? प्राइमिंगचं (आधी नळ्यांत भरलेलं) सलाइन रक्तात मिसळायला पाच-दहा मिनिटं लागतात. त्याआधी घेतली असेल तर सगळे आकडे सरकलेले.

हिशेब साधा आहे: सुरुवातीचा हिमॅटोक्रिट भागिले आत्ताचा, वजा एक. २७ चा २७.५ झाला की −१.८ टक्के. म्हणजे तुमचं सगळं रीडिंग अर्ध्या पॉइंटवर उभं आहे! मध्येच पीसीव्हीची (लाल पेशींची) पिशवी लावली आणि २७ चा ३० झाला, तर स्क्रीनवर −१०, प्रत्यक्षात व्हॉल्यूम थेंबभरही घटलेला नाही. उलट अँटिबायोटिक, सिडेशन, फीड मिळून तासाला १५० मिली आत जात असेल, तर ३०० च्या यूएफमधून निव्वळ १५०च निघतंय. रेषा सपाट राहणारच. कूस बदलली, पाय उचलले तरी ती हलते.

क्रिटिकल_केअर
सेन्सर ठीक असला तरी बीपी पडू शकतं. रेषा सांगते ते एवढंच, की टिश्यूतलं पाणी यूएफच्या वेगाने रक्तात परत येतंय. शिरा सैल पडल्यात का, हृदय किती ढकलतंय, हे तिला दिसत नाही. सेप्सिसमध्ये घोटाळा बहुतेक तिथेच असतो. म्हणून सपाट रेषेला हिरवा कंदील समजू नका.

आत्ता यूएफ शून्य करा, डायलिसिस थांबवू नका. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वाढवा, डायलिसेटचं तापमान ३५.५ वर आणा, आयोनाइज्ड कॅल्शियम बघा, हृदयाचा एको लावा. सवयीने सलाइन बोलस (एकदम सोडलेलं सलाइन) नको. ते रेषा वर नेईल, आणि काढलेलं पाणी परत आत जाईल. त्याच सेन्सरवर रक्ताचं ऑक्सिजन सॅच्युरेशनही दिसतं, त्याकडे फारसं कोणी बघत नाही. जुग्युलर (मानेच्या शिरेतलं) कॅथेटर असेल तर ते साधारण सेंट्रल व्हीनस सॅच्युरेशन, म्हणजे हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचं. बीपी पडण्याआधीच ते घसरू लागलं असेल तर हृदयाकडे बघा.

रात्रपाळी_आयसीयू
बेसलाइन सुरू केल्या केल्या घेतली होती, चूक तिथे आहे. कॅथेटर फीमोरल (जांघेतल्या शिरेत) आहे. सॅच्युरेशन ७४, म्हणजे ठीक ना?

क्रिटिकल_केअर
नाही. फीमोरलमधून येतं ते शरीराच्या खालच्या भागाचं रक्त, मेंदू-हातांचं त्यात नाही. जुग्युलरला सेंट्रल लाइन असेल तर तिच्यातून ब्लड गॅसचं सॅम्पल पाठवा. डेड स्पेसचं (नळीत साचलेलं) रक्त टाकून मगच सॅम्पल घ्या, आणि त्या ल्युमेनमधून (लाइनच्या त्या नळीतून) इन्फ्युजन चालू नसावं. बेसलाइन आता नव्याने घ्या. यूएफ परत सुरू करताना तासाला १०० मिलीपासून, आणि मीन ६५ च्या वर अर्धा तास टिकल्यावरच.