मदत हवी आहे : झिजलेल्या केबल-संरक्षक नळीवर दगड टाकायचे की रॉक बॅग (दगड भरलेल्या जाळीच्या पिशव्या)?

समुद्रातल्या पवनऊर्जा प्रकल्पातली ६६ केव्हीची एक साखळी (एकामागोमाग केबलने जोडलेली टर्बाइन), ८ मेगावॅटची ६ टर्बाइन, मोनोपाइल पाया (समुद्रतळात ठोकलेला एकच जाड पोलादी खांब), पाणी २८ मीटर खोल. मोनोपाइलच्या भोकातून बाहेर पडणारी केबल-संरक्षक नळी धूपरोधक दगडांच्या थरावर नुसती टेकलेली आहे, वरून दुसरा थर कधी टाकलाच नाही. भरती-ओहोटीच्या प्रवाहात ती दगडांवर डावी-उजवीकडे घासते.

आरओव्हीच्या (दुरून चालवायच्या पाण्याखालच्या यंत्राच्या) पाहणीत दोन ठिकाणी नळीच्या पॉलीयुरेथेनच्या (चिवट प्लास्टिकच्या) कड्या झिजून धारदार झालेल्या दिसल्या. एका जागी तर दोन कड्यांमधला जोडच उघडा पडलाय. आतली केबल मात्र दिसत नाही.

साखळी बंद करून ५ केव्ही मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासलं, टीडीआर (तारेत विद्युत स्पंद सोडून दोष शोधणं) आणि ओटीडीआरही (तेच केबलमधल्या प्रकाशतंतूत प्रकाश सोडून) केलं. सगळं स्वच्छ. पण बाहेरच्या आवरणाला किंवा पोलादी आर्मरला (केबलभोवतीच्या तारांच्या कवचाला) इजा असली तरी या चाचण्या बऱ्याचदा गप्पच राहतात, म्हणून एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही.

फॉल-पाइप जहाजाने (तळापर्यंत सोडलेल्या लांब नळीतून दगड टाकणाऱ्या जहाजाने) दगड टाकले तर हालचाल थांबेल, पण पडणारा दगड उघड्या जोडावर बसण्याची भीती आहे, शिवाय पुढे केबल बदलायची झाली तर सगळं उकरावं लागेल. रॉक बॅग नेमक्या जागी ठेवता येतात, उचलताही येतात. पण दोन बॅगांच्या मधला भाग हलत राहिला तर वाक तिथेच एकवटेल.

काम करण्यासाठी लाटांच्या उंचीची मर्यादा १.५ मीटर, साखळी फार तर ४ दिवस बंद ठेवता येईल. केबल वर ओढून पाहणं सध्या शक्य नाही.

नळी न उघडता आर्मरची झीज ओळखायची खात्रीची पद्धत कुणी वापरली आहे का? आणि रॉक बॅग ठेवल्या असतील तर दोन बॅगांत अंतर किती ठेवलं?