जंगलातला रस्ता, मोटारसायकल आणि रात्रीचं जेवण : तुमचेही अनुभव येऊ द्या

सातपुडी
परवा भाच्यानं नवी गाडी घेतली. पेढे द्यायला आला आणि विचारतो, "मामा, परतवाड्याहून धारणीला रात्रीचं गेलं तर चालेल का?" झालं! पेढा हातात तसाच राहिला आणि मी पोचलो मेळघाटात.

1991 च्या आसपासची गोष्ट. बँकेतला एक मित्र, त्याची यझदी आणि डिसेंबरातली मरणाची थंडी. धारणीला लग्न होतं. घटांगच्या पुढेच अंधार झाला. सेमाडोहला उतरलो तेव्हा बोटं इतकी आखडलेली की पाकिटाची गुंडी निघेना. आधी दोघांनी इंजिनावर हात शेकले, मग हॉटेलात शिरलो. हॉटेल म्हणजे कुडाची झोपडी, एक कंदील, एक चूल. चुलीवर सोल्यांची आमटी रटरटत होती. ओल्या तुरीचे हिरवे दाणे, वरून लसणाचा तडका, सोबत ज्वारीची भाकर. म्हातारा वाढत होता, आम्ही हाणत होतो.

तेवढ्यात सिपना नदीच्या अंगानं सांबर ओरडलं. 'ढाँक!' एकदाच. मग थोडं थांबून पुन्हा. म्हाताऱ्यानं भाकर उलटवली आणि म्हणाला, "जवळपास वाघ असंन, म्हणून ओरडतंय. आता एकटे जाऊ नका. मागून एसटी येईन, तिच्या मागं लागा."

एसटी आली. हरिसालपर्यंत आम्ही तिचा लाल दिवा धरून. धूर नाकातोंडात, पण अंतर वाढू द्यायची कोणाची छाती! कंडक्टर मधूनमधून मागच्या काचेतून बॅटरी मारून बघायचा, आहेत ना दोघं अजून.

असं काही असेल तर लिहा. फोटो नसले तरी चालतील.

चहाबाज
जागा राखीव. मीटिंगमध्ये आहे.

दुचाकीवेडा
यझदी!!! किक आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबायचा, वर फिरवायचा, की झाली किक. आमच्या गल्लीत नवख्या माणसाला "घे, चालू करून दाखव" म्हणायचे आणि सगळे ओट्यावर बसून मजा बघायचे. जंगलाचं नंतर लिहितो, पोरीला क्लासला सोडायचंय.

कोयनाकाठ
चेतक स्कूटर चालेल का? मोटारसायकल नव्हती आमच्याकडे. पुढे मुलगा उभा, मग हे, मग लेक, शेवटी मी आणि माझ्या मांडीवर पिशवी. चिपळूणहून माहेरी कराडला निघालेलो. कुंभार्ली घाटात पाऊस आणि वर धुकं, पुढचं चाक दिसेना. माथ्यावर एका बंद टपरीच्या पत्र्याखाली डबा उघडला. घावन आणि सुकी बटाट्याची भाजी, उभ्यानंच. मुलगा डोळे मिटून चावत होता. ह्यांचे हात प्लग साफ करून काळे झालेले, म्हणून घास मी भरवले. नंतर काही असे लाड झाले नाहीत हो.

सातपुडी
@कोयनाकाठ, चालेल काय, पळेल!

बंगळूरकर_मी
बंदीपूरच्या जंगलातून रात्री 9 ते सकाळी 6 वाहतूक बंद असते, 2009 पासून. आम्हाला माहीत होतं. वायनाडला जायचं होतं आणि हाताशी वेळही होता. पण गुंडलुपेटला मित्र म्हणाला, आधी जेवू. केळीच्या पानावर भात आला, सांबार आलं आणि मग रसम. गडी उठेचना. "अजून थोडं" म्हणत वाटी पुढे करतोय. गेटवर पोचलो तर दांडा आडवा. गार्ड एक अक्षर बोलला नाही, नुसतं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. परत त्याच हॉटेलात गेलो, तर पोऱ्या खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकत होता. आमच्याकडे बघून हसला. मित्राचं नाव तेव्हापासून रसम.

सातपुडी
बंदी बरोबरच आहे. रस्ता गुळगुळीत झाला की रात्री गाड्या सुसाट सुटतात आणि सकाळी डांबरावर रानमांजर नाहीतर भेकर चिरडलेलं दिसतं. भाच्यालाही तेच सांगितलं, उजेडात जा.

तळकोकणी
आंबोलीत कोंबडी-वडे चापून सावंतवाडीकडे उतरत होतो. मागे पुण्याचा पाहुणा. एका वळणावर रस्त्यात मधोमध चार-पाच धूड उभी. पाहुणा मागून म्हणतो, "म्हशी कोणाच्या रे सोडल्यात?" म्हटलं, गपचूप बस, पांढरे मोजे घातलेली म्हस बघलंस कधी? गव्याक हॉर्न मारूचो नाय. लाइट खाली करून थांबायचं, त्यांना वाटेल तेव्हा जातात. पाहुण्यानं उरलेल्या घाटात तोंड उघडलं नाही.

दुचाकीवेडा
पांढरे मोजे =)) हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

चहाबाज
मीटिंग लांबलीये. पण गवा वाचून हसू फुटलं, साहेबांनी बघितलं.

झाडीपट्टी
भामरागडकडे शिक्षक होतो. पर्लकोटेला पूर आला की पुलावर पाणी चढतं आणि भामरागड तुटतं. तसाच एकदा आलापल्लीहून परतताना अलीकडेच अडकलो. रात्र झाली, वर पाऊस. जवळच्या पाड्यावर वर्गातल्या एका पोराचं घर होतं, त्याच्या बापानं गाडी ढकलतच अंगणात नेली. भात, अंबाडीची भाजी आणि लाल मुंग्यांची चटणी. चटणी आंबट, झणझणीत, मी मागून घेतली.

खरी गंमत पोराची. वर्गात "हजर" सोडून शब्द बोलायचं नाही. त्या रात्री चुलीपाशी बसून त्याच्या माडिया बोलीत मला प्रत्येक वस्तूचं नाव सांगत होतं. मी चुकलो की हसून लोळायचं आणि पुन्हा म्हणून घ्यायचं. वर्गात आम्ही काय करत होतो इतके दिवस, हा प्रश्न पडला. पुढच्या आठवड्यापासून पहिला तास मी त्यालाच दिला.

कोयनाकाठ
@झाडीपट्टी, ह्यावर वेगळा धागा काढा ना, प्लीज.

आजी_ऑनलाइन
मला अनुभव नाही, गाडीवर बसायला हे नेतच नसत. पण ती सोल्यांची आमटी सांगा कोणीतरी. भाजीवाल्याकडे तुरीच्या शेंगा आल्यात.

कोयनाकाठ
आमच्याकडे मटारची करतात, तशीच असेल.

सातपुडी
मटार म्हणू नका हो. वऱ्हाडात भांडणं होतील.

झाडीपट्टी
आजी, सोले थोड्या तेलावर डाग पडेपर्यंत भाजा. त्यातले मूठभर बाजूला ठेवा, बाकीचे लसूण, हिरवी मिरची, जिरं घालून जाडसर वाटा. गुळगुळीत केलेत तर पिठलं होईल. फोडणीत कांदा, मग वाटण, मग गरम पाणी आणि बाजूला ठेवलेले दाणे. पाणी गारच घातलं तर
(लाइट गेली, राउटर बंद. उरलेलं मोबाइलवरून टाकतो.)

आजी_ऑनलाइन
गारच घातलं तर काय?? कढई गॅसवर आहे.