इन्व्हर्टरची जुनी बॅटरी भंगारात घालताय का?

पेठेतला: काल गल्लीच्या तोंडाला भंगाराच्या दुकानात बघितलं, एक पोरगं इन्व्हर्टरची बॅटरी आडवी करून आतलं अ‍ॅसिड सरळ गटारीत ओतत होतं, मग कोयत्यानं वरचं झाकण उडवलं आणि शिशाच्या प्लेटा हातानंच पोत्यात, ना हातमोजे ना काय, आणि त्याच हातानं वडापाव. ती गटार जयंती नाल्याला, नाला पंचगंगेला. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसंच असतंय. माझं स्पष्ट मत, जुनी बॅटरी भंगारवाल्याला द्यायचीच नाही, नवीन घेताना दुकानातच परत द्यायची. 2022 च्या नियमात जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवरच टाकली आहे.

राजारामपुरी: नाही पटलं भावा. भंगारवाला दारात येऊन रोख देतो, दुकानदार नवीन घेतली तरच कमी करतो. आणि ह्या लोकांच्या पोटाचं काय? माझ्या चुलत्यांनी 20 वर्षं बॅटऱ्या फोडल्या, ठणठणीत आहेत.

काठावरचा: रिमोटचा सेल टाकला तरी लोक विष विष करून ओरडतात. हल्लीच्या अल्कलाइन सेलमधे पारा घालत नाहीत, उगाच घाबरवू नका.

पेठेतला: सेलचं मान्य, मी शिशाच्या बॅटरीचंच बोलतोय. (जुन्या कॉर्डलेस फोनची निकेल-कॅडमियम मात्र कचऱ्यात नको, कॅडमियम किडनी खातं.) चुलत्यांचं म्हणशील तर शिसं हाडात जाऊन बसतं, वर्षानुवर्षं निघत नाही, बीपी वाढतं, पोटात कळ येते आणि आपण अ‍ॅसिडिटी म्हणून गोळी खातो. पण मला भ्या त्यांच्यापेक्षा पोरांचं वाटतं. धूळ कपड्यावर बसून घरात येते, रांगणारं पोर फरशीवरचा हात तोंडात घालतं, आणि पोटात गेलेलं शिसं ते मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. मेंदूचं नुकसान भरून येत नाही. सेनेगलमधे डाकारजवळ 2007-08 ला जुन्या बॅटऱ्यांच्या शिशानं 18 पोरं दगावली, तिथं लोक मातीतलं शिसं चाळून घरी नेत होते.

राजारामपुरी: ते आफ्रिकेत. इथं धंदा बंद केला तर ती माणसं खाणार काय, तेवढं सांग.

पेठेतला: बंद कर म्हणत नाही, गोळा करून न फोडता शिसं वितळवायचा परवाना असलेल्या कारखान्याला विकू देत, फरक पडेल तो आपण सोसू, शे-दोनशे रुपयं. बघ, चुलत्यांची रक्ताची टेस्ट कर, लॅबमधे ब्लड लेड म्हणून सांगायचं. घरात बारकी पोरं असतील तर त्यांची आधी.

राजारामपुरी: दोन नातवंडं आहेत त्यांना. एक दीड वर्षाचं. उद्या जाऊन बोलतो.