पहिल्यांदाच नवऱ्याबरोबर बोटीवर जातेय, तिथे दिवस कसा जातो?

खारी_शंकरपाळी
नमस्कार मंडळी, नवरा बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणारी बोट) सेकंड ऑफिसर आहे, यावेळी मलापण सोबत जायची परवानगी मिळालीय. पुढच्या महिन्यात सिंगापूरला चढायचं, तिथून रिकामी बोट ब्राझीलला, आयर्न ओअर भरायला. मी आजवर मांडव्याच्या लाँचपलीकडे समुद्रात गेलेली नाही. ह्याला विचारलं तर "काही नाही गं, मजा येते" एवढंच. सासूबाई म्हणतात लोणचं घेऊन जा. कोणी राहिलं असेल तर खरं काय ते सांगा, झोप, जेवण, कंटाळा सगळंच.

दोन_कॉन्ट्रॅक्टवाली
अगं सेकंड ऑफिसर म्हणजे बारा ते चारचा वॉच, म्हणजे ड्युटी, दुपारी पण आणि रात्री पण. म्हणजे हा पहाटे साडेचारला झोपणार, अकराला उठणार, घाईत जेवून परत ब्रिजवर, जिथून बोट चालवतात तिथे. माझा नवरा पण तेव्हा सेकंडच होता, पहिले आठ दिवस मी त्याच्यासाठी जागी राहायचा प्रयत्न केला आणि माझंच डोकं दुखायला लागलं, शेवटी सोडून दिलं. संध्याकाळ काय ती तुमची, त्यातही मध्येच ड्रिल निघतं.
आणि घड्याळ! सिंगापूर ते ब्राझील अकरा तासांचा फरक, म्हणजे महिनाभराच्या वाटेत अकरा वेळा घड्याळ मागे. आमच्या बोटीवर तो जास्तीचा तास तिन्ही वॉचमध्ये वीस वीस मिनिटं वाटून घ्यायचे, नाहीतर रात्री दोनला काटा मागे केला की बारा ते चारवाल्याला पाच तास उभं राहावं लागतं. तुला काय, झोपायला एक तास जास्त. वैताग उलट्या दिशेने जाताना, तेव्हा तास कापला जातो. एकदा जपानहून अमेरिकेला जाताना डेटलाइनवर, म्हणजे जिथे तारीख बदलते त्या रेषेवर, लागोपाठ दोन रविवार आले. रविवारी बिर्याणी ठरलेली, पोरं दोन्ही दिवस ताटं घेऊन हजर, तर कूक म्हणाला बिर्याणी तारखेप्रमाणे एकदाच, आज डाळभात. दोन दिवस कोणी त्याच्याशी धड बोलत नव्हतं!!

इंजिनरूमचा_दादा
ताई, रिकामी बोट म्हणजे रोलिंग (डावीउजवीकडे डोलणं) झटक्याझटक्याचं, त्यात आफ्रिकेच्या टोकाला, केपला, मोठा स्वेल (लांबलांब लाटा) मिळतो. झोपताना लाइफजॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली सारायचं, गादी भिंतीकडे कलते आणि त्या खाचेत पडून राहायचं, नाहीतर रात्रभर लाटण्याखालच्या पोळीसारखं होतं. मेसमध्ये टेबलक्लॉथ ओला करून अंथरतात, ताट सरकत नाही. ड्रॉवरमधे एक पेन जरी सुटं राहिलं तरी रात्री दोनला टक-टक चालू होतं, आणि कुठल्या ड्रॉवरमधे ते सापडत नाही.
इंजिनच्या आवाजाची काळजी करू नका, चार दिवसांत ऐकूच येत नाही. उलट इंजिन बंद पडलं की सगळे खडबडून जागे होतात.
पाणी समुद्राचंच असतं, इंजिनच्या उष्णतेवर बनवतो, चव काहीच नाही. किनाऱ्याजवळ ते बनवत नाही, त्यामुळे अँकरेजला, म्हणजे बंदराबाहेर नांगर टाकून, फार दिवस पडलो की वॉशिंग मशीनवर पहिली बंदी येते. आणि हात जोडून सांगतो, टॉयलेटमध्ये कागदाशिवाय काही टाकू नका, व्हॅक्यूमची लाइन असते, एका केबिनमुळे अख्खा मजला बंद पडतो आणि पाइप आम्ही उघडतो.

खारी_शंकरपाळी
बापरे. उलटी झाली तर?

दोन_कॉन्ट्रॅक्टवाली
होणारच, लाजायचं नाही. पोट रिकामं ठेवू नकोस, कोरडं काहीतरी खात राहा, आलेपाक ने. वरच्या मजल्यावर जास्त हलतं, तेव्हा खाली मेसमध्ये येऊन बस. बाहेर डेकवर जाता आलं तर क्षितिजाकडे बघत राहा. मोबाइलमध्ये मान घालून बसलीस तर संपलीस.

खारी_शंकरपाळी
आणि लोणचं?

इंजिनरूमचा_दादा
न्या की, दुसऱ्या आठवड्यापासून कॅप्टनसकट सगळे विचारतील. फक्त काचेच्या बरणीत नको.